सोबत कव्हर लेटर जोडावे

जाहिरातीतलं बाकी सगळं मला कळलं होतं. बीएस्सी मायक्रोबायोलॉजी किंवा डेअरी टेक्नॉलॉजी, तीन ते पाच वर्षांचा अनुभव, कच्च्या दुधाच्या तपासणीची माहिती, शिफ्टमध्ये काम करायची तयारी. कारखाना चाकणच्या बाजूला, माल पनीर आणि दही. शेवटच्या ओळीत मात्र लिहिलं होतं की सीव्हीसोबत कव्हर लेटर जोडावे, त्याशिवाय अर्जाचा विचार होणार नाही. सीव्ही माझ्याकडे होता. सायबर कॅफेवाल्याने कधीकाळी करून दिलेला, वर फोटो, तळाशी 'वरील माहिती खरी आहे' आणि सही. सगळं त्यात असताना त्याच्यावर आणखी पत्र कशाला, हे काही मला उमगेना. आई म्हणाली, "दोन कागद मागण्यापेक्षा एकच नीट वाचायला काय होतं गं त्यांना?" तिच्या बोलण्यात चूक काढता येईना.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर, प्रयोगशाळेत आहे. गावोगावच्या संस्थांचं दूध चाळीस लिटरच्या कॅनमधून येतं, डॉकवर उतरतं. झाकण उघडलं की पहिली तपासणी नाकाने होते, मग फॅट, लॅक्टोमीटरची डिग्री, शंका आली तर भेसळीच्या चाचण्या. चांगलं निघालं ते थंड होऊन टँकरने पुढे जातं, वाईट निघालं ते संस्थेला परत. ही नोकरी मला कशी लागली ते सांगायला हरकत नाही. चुलत सासरे एका संचालकांना ओळखत होते, आम्ही त्यांच्या घरी पेढे घेऊन गेलो, त्यांनी माझं शिक्षण विचारलं आणि 'सोमवारपासून या' म्हणाले. कागद नंतर झाले. म्हणजे वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत, कुणा अनोळखी माणसाला 'मला कामावर घ्या' असं लिहून पटवायची वेळ माझ्यावर आलीच नव्हती. आता नवरा भोसरीला, मी आणि मुलगी इकडे, असं किती दिवस चालायचं म्हणून पुण्याकडची नोकरी शोधत होते.

लिहायला बसले तेव्हा हाताला आला तो शाळेतला अर्ज. प्रति, माननीय अमुक, विषय तमुक, महोदय, वरील विषयास अनुसरून. इंग्रजी केलं तर 'विथ ड्यू रिस्पेक्ट'. या साच्यात अर्ज करणारा हात जोडून उभा असतो आणि आपली अडचण सांगतो. ग्रामपंचायतीत नळजोडणीसाठी, शाळेत फी-माफीसाठी, बँकेत हप्त्याच्या मुदतीसाठी आपण असंच लिहितो, आणि तिथे ते बरोबरही असतं, कारण समोरच्याने आपल्याला काहीतरी द्यायचं असतं. मीही तेच लिहिलं. वडील शेतकरी, पती पुण्यात नोकरीस, मुलगी लहान, कुटुंब एकत्र यावं म्हणून आपल्या कंपनीत संधी मिळावी ही नम्र विनंती. वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. पत्र फारच चांगलं झालं असं वाटलं.

तरी मनात शंका म्हणून मोबाइलवरच्या एआयलाही सांगून पाहिलं. त्याने मिनिटभरात जे दिलं ते इतकं गुळगुळीत होतं की वाचताना बोट कुठे अडेना. मी उत्साही आहे, ध्येयवेडी आहे, गुणवत्तेशी तडजोड करत नाही, आव्हानं मला आवडतात, आपल्या नामांकित संस्थेच्या वाटचालीत योगदान देण्यास उत्सुक आहे. एकही व्याकरणाची चूक नाही. मी खूश होऊन दोन्ही पत्रं आतेबहिणीला पाठवली. ताई पुण्यात खाद्यपदार्थांच्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात आहे आणि तिच्या टेबलावर असे अर्ज येतात.

तिचा फोन रात्री आला. "पहिल्या पत्रात तुझी गरज आहे. त्यांची गरज कुठंय?"

"त्यांची मला काय माहीत?"

"जाहिरात कुणी दिलीय मग? आणि दुसरं पत्र आहे ना, त्यातलं दूध काढून टायर घाल. टायरच्या कारखान्याला पाठव. चालतंय का बघ."

मी खरंच करून पाहिलं. चाललं. दोन शब्द बदलल्यावर ते पत्र टायर, साबण, औषधाच्या गोळ्या, काहीही बनवणाऱ्या कंपनीला बिनदिक्कत गेलं असतं. ताईचं म्हणणं, तिच्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांची हीच गत असते, आणि आता एआयमुळे ती सगळी एकाच माणसाने लिहिल्यासारखी वाटतात. ती पहिल्या तीन ओळी वाचते. तेवढ्यात कामाचं काही दिसलं तर पुढे, नाहीतर सीव्हीतली वर्षं मोजून बाजूला. कठोर वाटलं मला ते. पण डॉकवर मी काय करते? एकेका कॅनपाशी दहा सेकंद.

तिने मला दोन कामं दिली. एक, जाहिरात छापून घे आणि जे जे मागितलंय त्याच्यापुढे आपण केलेलं एकेक काम लिही. दोन, त्यांचा माल विकत आण. दुसऱ्या कामाने मी चक्रावले. नोकरीसाठी पनीर आणायचं? पण आणलं. पाकिटावर चौदा आकडी एफएसएसएआय परवाना, बॅच, मुदत, घटक, सगळं सवयीने वाचून काढलं. मग त्यांची वेबसाइट पाहिली तर त्यात लिहिलं होतं की दूध थेट गावांतून, स्वतःच्या संकलन केंद्रांतून घेतो. तेव्हा कुठे जाहिरातीतल्या 'कच्च्या दुधाच्या तपासणीची माहिती' या शब्दांना वजन आलं. आंबटपणाकडे झुकलेल्या दुधाचं पनीर चांगलं होत नाही. गावातून येणारं दूध दारातच ओळखणारं माणूस त्यांना हवं होतं, आणि मी तर रोज त्याच दारात उभी असते. दीडशे रुपयांच्या आतबाहेर हे कळलं. शिवाय संध्याकाळी भाजी झाली.

ताईचे यजमान गणिताचे शिक्षक आहेत. दाजींना कशातही इतिहास लागतो. त्यांनी मध्येच फोन घेऊन सांगितलं की लिओनार्दो दा विंचीनेही असं पत्र लिहिलं होतं, 1482 च्या सुमारास, मिलानचा कारभार पाहणाऱ्या लुदोविको स्फोर्झाला. त्याचा मसुदा अजून आहे, मिलानच्याच आंब्रोझियाना ग्रंथालयात. तिशीतल्या त्या चित्रकाराने मुद्दे पाडून काय काय करून देईन ते लिहिलं. हलके, उचलून नेता येणारे पूल, वेढ्यात खंदकाचं पाणी काढायच्या युक्त्या, तोफा, झाकलेले रथ. चित्रं काढतो हे अगदी शेवटी, शांततेच्या काळात काय करीन या सदरात. समोरच्याला लढाईची चिंता आहे हे ओळखून लिहिलेलं पत्र, असं दाजींचं म्हणणं. मला ते पटलं, पण अर्धंच. एवढ्या तोफा त्याने तोवर कुठे ओतल्या होत्या? पत्राच्या शेवटी तो म्हणतो की शंका असेल तर तुमच्या बागेत करून दाखवतो. लिओनार्दोला ते शोभलं. मी हॅसॅपचं, म्हणजे अन्नातला धोका आधीच ओळखून रोखायच्या पद्धतीचं, नुसतं पुस्तक वाचून 'हॅसॅप राबवू शकते' असं लिहिलं आणि त्यांनी प्लांटमध्ये उभं करून विचारलं तर?

तेव्हा मी ताईच्या पहिल्या कामाकडे वळले आणि तिथेच अडकले. 'आपण केलेलं एकेक काम' म्हणजे काय लिहायचं? मी लिहिलं, गर्बर पद्धतीने फॅट काढते. ताई म्हणाली, ते सगळेच काढतात. खरं आहे. दहा मिली सल्फ्युरिक आम्ल, त्यावर अलगद पावणेअकरा मिली दूध, एक मिली अमाईल अल्कोहोल, बूच, हलवणं, सेंट्रिफ्यूज. ओढणीला आम्लाची भोकं पडल्याशिवाय कुणी डेअरीच्या लॅबमध्ये जुनं होत नाही. मी लिहिलं, एमबीआरटी करते, दूध उकळून फुटतं का ते पाहते. ताई म्हणाली, हे तुझ्या हुद्द्यात आलंच. "तू नसतीस तर काय झालं नसतं, ते सांग."

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. आमच्याकडे काम करणाऱ्या बाईला असं विचारत नाहीत आणि तिनेही आपण होऊन सांगायचं नसतं. मी दोन दिवस म्हणत राहिले की माझ्याविना काहीच अडलं नसतं. मग कॅनची गोष्ट आठवली. ती मी ताईला गप्पा मारताना सांगितली, पत्रासाठी नाही.

उन्हाळ्यात आमच्या एका मार्गावरचं दूध फार परत जायचं. सकाळच्या फेरीचं दूध, म्हणजे रात्रभर ठेवलेलंही नव्हे. परीक्षानळीत दहा मिली दूध आणि एक मिली मेथिलीन ब्लू घालून सदतीस अंशाच्या पाण्यात ठेवलं की जंतू जितके जास्त तितका निळा रंग लवकर उडतो. हीच एमबीआरटी. चांगल्या दुधाचा पाच-पाच तास टिकतो. या मार्गाच्या नळ्या तासाभरात पांढऱ्या. संस्थावाले म्हणायचे तुमची लॅब खोटी, आम्ही म्हणायचो तुमचं दूध जुनं. कॅन धुण्याच्या मशीनवरचे मामा एकदा चहाच्या वेळी म्हणाले, "मॅडम, धुतलेल्या कॅनचं झाकण उघडून वास घेऊन बघा की." कॅन धुऊन ओलेच, झाकण दाबून परत गाडीत चढायचे. त्या मार्गाची गाडी दुपारभर उन्हात उभी राहायची. झाकण काढलं तर आत आंबूस वास. मग मी काही कॅन निर्जंतुक पाण्याने विसळून ते पाणी तपासलं. व्यवस्थापकांना आकडे दाखवून त्या एका मार्गाचे कॅन झाकणाशिवाय उलटे ठेवायची परवानगी मागितली. फिटरने भंगारातल्या पाइपांचा रॅक जोडून दिला. पाणी निथळू लागलं आणि नळ्यांतला निळा रंग तीन तासांच्या पुढे टिकू लागला.

ताई फोनवर गप्प झाली, मग म्हणाली, "सहा वर्षं हे पोटात ठेवलंयस?" लगेच तिच्यातली गुणवत्तावाली जागी झाली. "किती कॅन परत जायचे? नंतर किती?" मी रजिस्टर उघडलं. एप्रिल-मेत महिन्याला पंचवीसेक, जूनमध्ये सहा-सात. "जूनमध्ये पाऊस आला," ती म्हणाली, "गारव्याने दूध टिकलं असेल. रॅकचा काय पुरावा?" माझा तर विरसच झाला. पण प्रश्न रास्त होता, आणि मुलाखतीत तो येणारच होता. पुढच्या वर्षाचं रजिस्टर काढलं. तो उन्हाळा काही मवाळ नव्हता. एप्रिल-मेत आठ-नऊ. हा आकडा मी पत्रात घालायचं ठरवलं.

आणि मग मला लिहिता येईना. 'मी परत जाणाऱ्या कॅनचं प्रमाण निम्म्याहून कमी केलं' असं लिहिलं आणि मामांचा चहाचा कप डोळ्यांपुढे आला. वास त्यांना आला होता. रॅक फिटरने जोडला. परवानगी साहेबांनी दिली. म्हणून मग लिहिलं की 'आमच्या केंद्रावर सुधारणा करण्यात आल्या'. ताई म्हणाली, "करण्यात आल्या म्हणजे भुताने केल्या का?" तिचं म्हणणं, असं वाक्य वाचलं की वाचणारा समजतो हिने काहीच केलेलं नाही, नुसती तिथे हजर होती. आणि 'मी केलं' लिहिलं तर तो समजणार हिने सगळं केलं. पहिल्यात माझे श्रम बुडतात, दुसऱ्यात मामांचे. ही अडचण माझ्या संकोची स्वभावाची नव्हती, हिशोबाची होती. दुधाच्या बिलात प्रत्येक संस्थेचं लिटर आणि फॅट वेगळं धरतो, तसं इथेही कुणाचं किती ते वेगळं धरायला हवं होतं.

शेवटी परिच्छेद झाला तो असा, अर्थात इंग्रजीत: 'आमच्या केंद्रावर एका मार्गावरून उन्हाळ्यात महिन्याला पंचवीसच्या आसपास कॅन नाकारले जात. धुलाई विभागातल्या एका सहकाऱ्याने धुतलेल्या बंद कॅनला वास येतो हे लक्षात आणून दिलं. मी कॅनचं विसळलेलं पाणी आणि त्या मार्गाच्या दुधाची एमबीआरटी यांची सांगड घालून पाहिली, कॅन उलटे निथळत ठेवायचा प्रस्ताव आकड्यांसह मांडला आणि दोन उन्हाळे नोंद ठेवली. पुढच्या उन्हाळ्यात ही संख्या आठ-नऊवर आली.' ताईला सहकाऱ्याचं वाक्य जागा खातंय असं वाटत होतं. मी ते काढलं नाही. तिचं बाकी सगळं ऐकलं, हे नाही.

दुसरी अडचण दोन वर्षांच्या खंडाची. मुलगी झाल्यावर मी घरी होते. सीव्हीत ती दोन वर्षं भगदाडासारखी दिसतात. माझ्या पहिल्या पत्रात त्यावर अर्धं पान होतं, बाळंतपणापासून सासूबाईंच्या गुडघ्यांपर्यंत. इथे दाजी पुन्हा धावून आले, आणि या वेळी मात्र अगदी नेमके. त्यांनी रामानुजन यांच्या चरित्रातली दोन पानं फोटो काढून पाठवली. एकावर 9 फेब्रुवारी 1912 चा अर्ज, मद्रासच्या त्रिप्लिकेनमधून पोर्ट ट्रस्टच्या मुख्य लेखापालांना, कारकुनाच्या जागेसाठी. रामानुजन तेव्हा चोवीस वर्षांचे, लग्न झालेले, कॉलेजची एफए परीक्षा नापास. गणितात बुडून बाकीच्या विषयांकडे पाहिलं नाही म्हणून शिष्यवृत्ती गेली, कॉलेज सुटलं. एवढा मोठा खड्डा. अर्जात त्याला अर्धं वाक्य दिलंय. मॅट्रिक झालो, एफएपर्यंत शिकलो, प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढे शिकता आलं नाही, आणि लगेच पुढच्या वाक्यात, तेव्हापासून सगळा वेळ गणिताला दिलाय. सगळा अर्ज मोजून पाच-सहा वाक्यांचा. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांची शिफारस. भाषा तीच त्या काळची, विनवण्यांची, पण अडचणींचा पाढा नाही. 1 मार्चपासून महिना तीस रुपयांवर ते कामाला लागलेसुद्धा.

दुसऱ्या पानावर त्याच माणसाचं 16 जानेवारी 1913 चं, केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना लिहिलेलं प्रसिद्ध पत्र. त्याआधी केंब्रिजच्याच दोन नामवंत गणितज्ञांना लिहून काही उपयोग झाला नव्हता. मी ते पत्र एखाद्या नवशिक्या अर्जदाराच्या नजरेने वाचलं, म्हणजे तसं वाचायचा मला काय अधिकार, पण वाचलं. पहिल्याच वाक्यात पोर्ट ट्रस्टमधला कारकून आहे, वर्षाला अवघे वीस पौंड पगार आहे, हे सांगून मोकळे. वय मात्र तेवीसच्या आसपास लिहिलंय. होते पंचवीस. विद्यापीठाचं शिक्षण नाही हेही लपवलेलं नाही. गरीब आहे असा उल्लेख आहे, पण तो कामाच्या अनुषंगाने, की यात तथ्य वाटलं तर प्रमेयं छापून यावीत अशी इच्छा आहे. आणि मग पानंच्या पानं प्रमेयं. दाजींनी हेही सांगितलं की अविभाज्य संख्यांविषयीचा त्यातला एक दावा चुकीचा निघाला. तरी हार्डी आणि त्यांचे सहकारी लिटलवुड रात्री ती पानं घेऊन बसले आणि पुढल्या वर्षी मार्चमध्ये रामानुजन बोटीत बसले, ते त्या जोडलेल्या पानांच्या जोरावर.

मी काही रामानुजन नाही, हे दाजींना सांगावं लागलं नाही. पण सासूबाईंचे गुडघे मी पत्रातून काढले. 'मुलीच्या जन्मानंतर दोन वर्षं कामापासून दूर होते, परतल्यावर त्याच प्रयोगशाळेत पुन्हा रुजू झाले.' बस. त्यांनी परत घेतलं यातच माझ्या कामाविषयी काय ते आलं. हॅसॅपचंही तसंच. जाहिरातीत प्रशिक्षण असल्यास प्राधान्य असं होतं आणि माझं प्रशिक्षण नाही. ते गाळावं की सांगावं यावर ताई आणि मी बराच वेळ घातला. ती म्हणाली, जे नाही त्याची जाहिरात कशाला करतेस, त्यांना दिसेलच. मी म्हटलं, दिसेल आणि मी लपवलं असंही दिसेल. शेवटी एका ओळीत लिहिलं की औपचारिक प्रशिक्षण झालेलं नाही, पण कॅनच्या कामात धोका कुठे निर्माण होतो ते शोधून त्या ठिकाणी तपासणी बसवण्याचं काम प्रत्यक्ष केलं आहे. ही ओळ ताईला माझ्यापेक्षा जास्त आवडली. नवरा भोसरीत आहे ही गोष्टही पूर्ण गेली नाही. ती शेवटी एका अर्ध्या वाक्यात उरली, की पुण्यात स्थायिक होत असल्याने शिफ्टला येण्याजाण्याची अडचण नाही. तीच माहिती, पण आता त्यांच्या उपयोगाची.

बाकीच्या गोष्टींवर फार लिहिण्यासारखं नाही. एका पानाच्या आत. ज्याच्याकडे अर्ज जाणार त्याचं नाव जाहिरातीत असेल तर ते, नसेल तर हुद्दा. ओळखीचं नाव शोधून 'मला अमुक साहेबांनी पाठवलं' असं करायचा मोह झाला होता, पण त्या साहेबांना मी माहीतच नव्हते. विषयाच्या ओळीत पदाचं नाव. पीडीएफ, आणि फाइलला स्वतःचं नाव, कारण माझ्या फाइलचं नाव 'न्यू डॉक्युमेंट फायनल' होतं. माझं इंग्रजी मराठी शाळेतलं, त्यामुळे वाक्यं आखूड ठेवली. एआयला शेवटी एकदाच बोलावलं, फक्त व्याकरण बघायला, आणि त्याने पुन्हा 'पॅशनेट' घुसवलं ते काढून टाकलं.

फोन आला तो दुपारी, मी डॉकवर असताना, मागे कॅन आदळत होते. पलीकडे एक बाई, बहुधा गुणवत्ता विभागातल्याच. नमस्कार-चमत्कार झाल्यावर पहिला प्रश्न, "पावसाळ्यात उलटे ठेवलेले कॅन वाळतात का?" मी म्हटलं, वाळत नाहीत, पण पाणी आत साचून राहत नाही, आणि आमच्याकडे पावसाळ्यात मुळात परत जाणं कमी असतं, त्यामुळे त्या महिन्यांचा आकडा मी पत्रात दिलेला नाही. त्या "बरं" म्हणाल्या आणि मग विसळलेल्या पाण्याची तपासणी नक्की कशी केली ते विचारत राहिल्या. माझ्या उत्साहाविषयी आणि ध्येयांविषयी एक प्रश्न आला नाही. पुढच्या आठवड्यात प्लांटवर बोलावलंय. पगाराचं काही बोलणं झालं नाही. आईने तेवढंच विचारलं.

मामांना मी सांगितलं की तुमच्या नाकाची गोष्ट चाकणपर्यंत गेली. ते हसले आणि दुसऱ्या दिवशी एक कोरा कागद घेऊन लॅबच्या दारात उभे राहिले. अकरा वर्षं रोजंदारीवर आहेत, कायम व्हायचा अर्ज करायचा होता. "तुम्हाला आता जमतंय, माझा लिहा." मी जोरात सुरुवात केली. केंद्रावर काय काय केलंत सांगा, किती कॅन दिवसाला, मशीन बंद पडलं तेव्हा हाताने किती धुतले. ते सांगत होते, पण अस्वस्थ होते. शेवटी म्हणाले, "हे बरोबर आहे, पण आधी 'मेहेरबान चेअरमन साहेब यांच्या चरणी' असं पाहिजे. आणि थोरल्या पोरीचं लग्न काढलंय ते पाहिजे." मी ताईची वाक्यं त्यांना ऐकवायला लागले. त्यांनी हात वर केला. "मॅडम, तुमचं पत्र वाचणारी बाई कॅनचं विचारते. आमचे साहेब पोरीचं विचारतात. मला माहीत आहेत ते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुणासाठी लिहितोय हे त्यांना माझ्यापेक्षा आधीपासून ठाऊक होतं. मग वाटणी केली. वरच्या दोन ओळी आणि खालचं लग्न त्यांचं, त्यांच्या शब्दांत. मधला परिच्छेद माझा, रजिस्टरातल्या त्याच आकड्यांसह. फक्त वास कुणाला आला ते या वेळी नाव घालून लिहिलं.